खिशातल्या फोनचे घराणे

आज मी आपणांस अशा एका वस्तूविषयी सांगणार आहे, की जिचा उपयोग आपण दररोज करता, पण जिचे नाव आपल्यापैकी पुष्कळांनी ऐकलेही नसेल. आपल्या खिशात मोबाईल फोन असतो. त्यावर आपण बाजारभाव पाहता, परगावी शिकणाऱ्या लेकराशी बोलता, शाळेची माहिती भरता. हा फोन कोणत्या कंपनीचा, ते त्याच्या पाठीवर छापलेले असते. परंतु त्याचे घराणे कोणते, हे कुठेच लिहिलेले नसते.

मलाही ते ठाऊक नव्हते. मी काही संगणकाचा तज्ज्ञ नव्हे. महाविद्यालयात शिकवणारा साधा एम. ए. झालेला माणूस. दोनेक वर्षांपूर्वी शिक्षकांच्या एका शिबिरात एका गुरुजींनी मला विचारले, "सर, फोन चालू केला की त्यात आधी काय जागं होतं हो?" मी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले, पण ते माझे मलाच पटले नाही. घरी येऊन पुस्तके उघडली, आणि शोधता शोधता १९६९ सालापर्यंत जाऊन पोचलो. त्या वेळी न दिलेले उत्तर आज देतो.

सुरुवातीची बारीकसारीक तयारी सोडली, तर फोनमध्ये प्रथम जागी होते ती त्याची कार्यप्रणाली. इंग्रजीत तिला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. ही काय चीज आहे, ते आधी पाहू.

पाटाच्या पाण्याचे उदाहरण घ्या. पाट एक आणि शेते अनेक. प्रत्येकाला पाणी हवे, आणि तेही आत्ताच हवे. म्हणून शेजपाळी ठरते, पाटकरी नेमला जातो. तो एका चारीचे दार उघडतो, वेळ संपली की ते बंद करून पुढच्या चारीचे उघडतो. कोणी कोणाचे पाणी फोडून घेऊ नये, ह्यावर नजरही त्याचीच. संगणकातही असेच आहे. हिशोब करणारा भाग मोजका, स्मरण ठेवण्याची जागा मोजकी, आणि कामे मात्र पुष्कळ. गाणे चालू आहे, तेवढ्यात फोन वाजतो, त्यातच एखादा संदेश येतो. ह्या साऱ्यांना पाळी लावून देणारी कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा पाटकरी होय. फरक एवढाच, की हिची एकेक पाळी सेकंदाच्या लहानशा हिश्शाची असते. त्यामुळे प्रत्येक कामाला वाटते, की सारा पाट माझ्याच शेतात वाहतो आहे!

सुरुवातीच्या संगणकांना ही सोय नव्हती. १९६० च्या सुमारास संगणक म्हणजे खोली व्यापून बसलेले यंत्र. आपले काम भोके पाडलेल्या कार्डांवर उतरवायचे, त्यांचा गठ्ठा खिडकीत नेऊन द्यायचा आणि वाट पाहायची. गिरणीत दळणाचा डबा ठेवून घरी येतो ना, तसे. आणि कार्डात एका अक्षराची चूक राहिली असली, तर दळण न होताच डबा परत! चूक सुधारून पुन्हा रांगेत उभे राहायचे.

ही अडचण दूर करण्यासाठी १९६५ च्या सुमारास अमेरिकेत तीन मोठ्या संस्था एकत्र आल्या. एक एम. आय. टी. ही विद्यापीठसंस्था, दुसरी जनरल इलेक्ट्रिक कंपनी, आणि तिसरी टेलिफोन कंपनीची संशोधनशाळा, बेल लॅबोरेटरीज. त्यांनी मल्टिक्स नावाची एक भव्य कार्यप्रणाली आखली. एकाच संगणकावर शेकडो माणसांनी एकाच वेळी बसावे, असा तिचा बेत. कल्पना उत्तम होत्या, पण पसारा वाढत गेला आणि काम रेंगाळले. अखेर १९६९ मध्ये बेल लॅबोरेटरीजने अंग काढून घेतले.

जी मंडळी त्या कामात गुंतली होती, त्यांच्या हातून चांगले अवजार अचानक गेले. त्यांत केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची हे दोघे तरुण होते. एक सव्विशीचा, दुसरा अठ्ठाविशीच्या आतबाहेरचा. न्यू जर्सी राज्यात मरे हिल येथे त्यांची कचेरी होती. मोठा संगणक मागितला, तर वरिष्ठ देईनात. मल्टिक्सच्या अनुभवाने त्यांचे हात पोळले होते. तेव्हा थॉम्प्सनने काय केले? कोपऱ्यात पडून असलेला पी.डी.पी.-७ नावाचा एक जुना, लहान संगणक शोधून काढला. त्याआधी सूर्यमालेत यान फिरवण्याचा एक खेळ त्याने लिहिला होता. मोठ्या यंत्रावर तो एकदा खेळायचा म्हटला, तर सुमारे पंचाहत्तर डॉलरचा खर्च पडे. तो खेळ ह्या लहान यंत्रावर आणण्याच्या नादातून त्या यंत्राशी त्याची ओळख झाली.

त्याच उन्हाळ्यात त्याची पत्नी लहान मुलाला घेऊन काही आठवड्यांसाठी नातलगांकडे गेली. घरात निवांतपणा मिळाला. थॉम्प्सन पुढे सांगत असे, की त्या अवधीत एकेका भागाला एकेक आठवडा देऊन त्याने कार्यप्रणालीचा सांगाडा उभा केला. ह्या यंत्राची स्मरणशक्ती किती असावी? अवघ्या ८,१९२ शब्दांची. आजच्या मापाने सुमारे अठरा किलोबाइट. आपल्या फोनवर काढलेला एक साधा फोटोही तीत मावणार नाही. मल्टिक्स म्हणजे अनेकांची, तर ही एकट्यादुकट्याची, म्हणून थट्टेने हिचे नाव युनिक्स पडले.

मल्टिक्सचे सारेच टाकून दिले, असे मात्र समजू नका. फाइली फांद्याफांद्यांच्या झाडासारख्या रचण्याची कल्पना तिथलीच. थॉम्प्सन व रिची यांनी चांगले ते उचलले आणि अवजड ते गाळले. फसलेल्या कामातून काय घ्यावे, हे कळणे हीसुद्धा एक विद्याच आहे.

आता युनिक्सचे गुण कोणते, ते पाहू. मी तीन सांगतो.

पहिला गुण : एका अवजाराने एकच काम करावे आणि ते चोख करावे. आपल्या घरात धान्याचे कसे चालते? सूप पाखडते, चाळण चाळते, जाते दळते. सूप दळायला जात नाही आणि जाते पाखडायला जात नाही. पण सुपातले धान्य चाळणीत, चाळणीतले जात्यात, असे एकाकडून दुसऱ्याकडे गेले म्हणजे भाकरीचे पीठ तयार होते. युनिक्सचे तसेच आहे. डग्लस मॅकिलरॉय नावाचे त्यांचे एक वडीलधारे सहकारी होते. बागेला पाणी घालताना नळीला नळी जोडतात, तसा प्रोग्रॅमला प्रोग्रॅम जोडता आला पाहिजे, हे त्यांनी १९६४ पासून धरून ठेवले होते. १९७३ मध्ये थॉम्प्सनने एका रात्रीत ती सोय करून दिली. तिलाच पाइप म्हणतात. समजा, आपल्याजवळ साऱ्या शाळेची पटनोंदणी आहे आणि एका वाडीतील मुलांची अक्षरवार यादी हवी आहे. एक प्रोग्रॅम त्या वाडीच्या ओळी वेचतो, दुसरा त्या अक्षरवार लावतो, तिसरा मोजून आकडा सांगतो. तिघांच्या मध्ये एकेक उभी रेघ मारली, की काम झाले. हे तिन्ही प्रोग्रॅम लिहिणाऱ्यांपैकी कोणीही आपली शाळा पाहिलेली नाही. तरी काम आपले होते.

दुसरा गुण : शक्य तितक्या गोष्टींना एकच रीत. कागदपत्र असो, कळफलक असो, छपाईयंत्र असो, युनिक्स त्या प्रत्येकाकडे फाइल म्हणूनच पाहते. उघडा, वाचा, लिहा, बंद करा. चार क्रिया शिकल्या, की बहुतेक सगळीकडे चालतात. नव्या माणसाला हे फार सोयीचे पडते.

तिसरा गुण सर्वांत महत्त्वाचा. त्या काळी कार्यप्रणाली त्या त्या यंत्राच्याच बोलीत लिहीत. यंत्र बदलले, की सारे लिखाण वाया. डेनिस रिचीने सी नावाची एक नवी भाषा तयार केली, आणि १९७३ मध्ये युनिक्स त्या भाषेत नव्याने लिहिली गेली. आता नव्या यंत्राला फक्त सी भाषा समजेल एवढी व्यवस्था करायची, म्हणजे थोड्या दुरुस्तीने युनिक्स तिथे नांदू लागते. ती एका यंत्राची दासी राहिली नाही. यंत्रे येतात आणि भंगारात जातात. ती मात्र पन्नास वर्षांहून अधिक काळ टिकली, ह्याचे मोठे कारण हेच आहे.

तिला पहिले व्यवहारातले काम मिळाले तेही गमतीचे आहे. बेल लॅबोरेटरीजच्या पेटंट खात्यात अर्ज टंकून घेण्याचे काम फार असे. ते सोपे करून देतो, असे सांगून ह्या मंडळींनी नवा संगणक पदरात पाडून घेतला, आणि १९७१ मध्ये तेथील टंकलेखनिक युनिक्सवर अर्ज तयार करू लागले. पुढच्या वर्षी, जून १९७२ मध्ये, युनिक्सच्या माहितीपुस्तिकेत नोंद आहे की तिची ठाणी आता दहा झाली असून आणखी वाढण्याची अपेक्षा आहे. दहा! आज ती संख्या मोजू म्हटले तरी मोजता येणार नाही.

श्रोतेहो, आता मी आपणांस, आणि विशेषतः शिक्षक बंधुभगिनींना, ह्या कथेतला मुख्य प्रसंग सांगतो.

बेल लॅबोरेटरीज ज्या टेलिफोन कंपनीची, त्या ए. टी. अँड टी. कंपनीवर १९५६ साली सरकारशी झालेल्या तडजोडीने एक बंधन आले होते : टेलिफोन-तारांखेरीज दुसऱ्या धंद्यात पडायचे नाही. त्यामुळे युनिक्स हा विकण्याचा माल होऊ शकत नव्हता. विद्यापीठांनी मागितली, तर कंपनी ती नाममात्र खर्चात देई, आणि तीही मूळ संहितेसह. मूळ संहिता म्हणजे काय? तयार काळा मसाला हाती आला, तरी त्यात काय किती घातले ते सांगता येत नाही. त्याची कृती लिहिलेली मिळाली, तर आपण तो करू शकतो, सुधारूही शकतो. संगणकाच्या प्रोग्रॅमची माणसाला वाचता येणारी ती कृती म्हणजे मूळ संहिता. कंपनीची अट एवढीच, की काही बिघडले तर आमच्याकडे येऊ नका. मग विद्यापीठांतली मंडळी एकमेकांनाच विचारू लागली, चुका शोधून दुरुस्त्या एकमेकांना पाठवू लागली. मदत न मिळाल्यामुळेच एक बिरादरी तयार झाली.

ऑस्ट्रेलियात सिडनी येथे न्यू साउथ वेल्स विद्यापीठात जॉन लायन्स नावाचे एक प्राध्यापक होते. युनिक्सच्या गाभ्याची संहिता तेव्हा दहा हजार ओळींच्या आतबाहेर होती. एवढे लिखाण विद्यार्थी एका सत्रात वाचू शकतो, हे त्यांनी हेरले. १९७७ मध्ये त्यांनी ती संहिता छापून काढली आणि तिच्यावर ओळीओळींचे भाष्य लिहिले. आपल्याकडे ग्रंथावर टीका लिहीत, तसेच हे. खरी, चालती कार्यप्रणाली मुलांच्या हातात देऊन 'वाचा' म्हणणारा हा गुरू!

पण युनिक्सला बाजारात किंमत आहे, हे कंपनीच्या ध्यानात आले होते. १९७९ मध्ये सातवी आवृत्ती निघाली, तेव्हा तिच्या परवान्यात अट पडली, की मूळ संहिता वर्गात शिकवता येणार नाही. लायन्स यांचे पुस्तक उघडपणे वाटणे बंद झाले. मग विद्यार्थी काय करू लागले? छायाप्रती काढू लागले. छायाप्रतीची छायाप्रत, तिची आणखी एक. अक्षरे पुसट होत गेली, पण पुस्तक हिंडत राहिले. ते उजळ माथ्याने छापून निघाले ते थेट १९९६ साली. तोवर जवळजवळ वीस वर्षे गेली होती.

इकडे १९८४ च्या आरंभी टेलिफोन कंपनीचे सरकारी आदेशाने तुकडे झाले आणि धंद्याची जुनी बंधनेही सुटली. युनिक्स आता सरळ विकाऊ झाली. निरनिराळ्या कंपन्यांच्या निरनिराळ्या युनिक्स निघाल्या, त्यांचे आपसांत जमेना. कॅलिफोर्नियातील बर्कली विद्यापीठाने तिची स्वतःची शाखा वाढवली होती. संगणकांना परस्परांशी बोलता यावे ह्यासाठीची भाषा १९८३ च्या तिच्या आवृत्तीबरोबर अनेक विद्यापीठांत पोचली आणि इंटरनेटच्या प्रसाराला मोठा हात लागला. ह्या शाखेवरही पुढे १९९२ मध्ये दावा झाला, आणि तो १९९४ मध्ये मिटेपर्यंत लोक तिला हात लावायला कचरत होते.

वर्गात शिकवायला बंदी, म्हणजे विद्या आटणार काय? तसे झाले नाही, आणि ह्याचे श्रेय पुन्हा शिक्षक-विद्यार्थ्यांकडेच जाते. १९८३ मध्ये एम. आय. टी. मधील रिचर्ड स्टॉलमन यांनी जाहीर केले, की युनिक्ससारखीच, पण सर्वांना मोकळी अशी प्रणाली मी लिहिणार. तिचे नाव ग्नू. १९८९ मध्ये त्यांनी तिच्यासाठी एक सर्वसाधारण परवानाही तयार केला : घ्या, वाचा, बदला, दुसऱ्याला द्या, मात्र देताना मूळ संहिताही दिली पाहिजे. आपल्या शेतीतल्या सावडीसारखाच हा नियम. दुसऱ्याचे बैल आपल्या रानात चालले, तर आपलेही त्याच्या रानात गेले पाहिजेत.

हॉलंडमध्ये ॲम्स्टरडॅम येथे अँड्र्यू टॅनेनबाम हे प्राध्यापक शिकवत. युनिक्स वर्गात चालत नाही ना, मग त्यांनी स्वतःच तशी एक लहान प्रणाली नव्याने लिहिली, आणि १९८७ मध्ये तिची सुमारे बारा हजार ओळींची संहिता आपल्या पाठ्यपुस्तकात छापली. तिचे नाव मिनिक्स. ते पुस्तक फिनलंडमधील हेलसिंकी विद्यापीठात शिकणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या मुलाने वाचले. वाचून त्याचे समाधान होईना. ऑगस्ट १९९१ मध्ये, वयाच्या एकविसाव्या वर्षी, त्याने जाहीर केले की मी एक कार्यप्रणाली लिहीत आहे; केवळ हौस म्हणून, ती काही मोठी व्हायची नाही. हीच लिनक्स. पुढच्या वर्षी त्याने तिला ग्नूचा तो सावडीचा परवाना लावला. ग्नूची अवजारे तयार होती, गाभा लिनक्सने पुरवला. जगभरातून हात लागले. पहिली लिनक्स सुमारे दहा हजार ओळींची होती. आज ती तीन कोटी ओळींच्या पुढे गेली आहे.

आता आपल्या फोनकडे वळू. २००८ पासून बाजारात आलेल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे, आणि भारतातले बहुतेक फोन अँड्रॉइडचे आहेत. ॲपल कंपनीच्या फोनचे मूळ बर्कलीच्या शाखेपर्यंत जाते. म्हणजे फोन कोणाचाही असो, घराणे एकच. जगातील सर्वांत वेगवान पाचशे महासंगणकांची यादी प्रसिद्ध होत असते; नोव्हेंबर २०१७ पासून त्या पाचशेच्या पाचशे यंत्रांवर लिनक्स आहे. आपल्या पुण्यात पाषाणला भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्था आहे. मोसमी पावसाच्या अंदाजाची गणिते करण्यासाठी तिथे २०१८ मध्ये 'प्रत्यूष' आणि २०२४ मध्ये 'अर्क' हे महासंगणक सुरू झाले, तेही ह्याच घराण्यातले. पेरणी करावी की चार दिवस थांबावे, ह्या आपल्या विचारात मरे हिलच्या त्या कोपऱ्यातल्या यंत्राचा असा वाटा आहे.

घराण्याचा एक शकसुद्धा आहे, बरं का! आपण शालिवाहन शक मोजतो, तशी युनिक्स १ जानेवारी १९७० पासून सेकंद मोजते. भारतीय वेळेप्रमाणे त्या दिवशी पहाटेचे साडेपाच वाजले होते. जुन्या पद्धतीच्या यंत्रांत हा आकडा २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ पर्यंतच जातो. १९ जानेवारी २०३८ रोजी सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी तो भरेल, आणि पुढच्या सेकंदाला अशा यंत्राचे घड्याळ उलटे फिरून १९०१ सालात जाईल. नवी यंत्रे मोठा आकडा वापरतात, त्यांना धोका नाही. पण जुन्या यंत्रांची दुरुस्ती त्याआधी व्हायला हवी.

गुण सांगितले, दोषही सांगितले पाहिजेत. युनिक्सच्या आज्ञा फार त्रोटक. नव्या माणसाला त्या मंत्रासारख्या वाटतात. फाइल निर्माण करण्याच्या आज्ञेत 'क्रिएट' ह्या इंग्रजी शब्दाचे शेवटचे अक्षरच गाळलेले आहे. पुन्हा लिहायची झाली तर काय बदलाल, असे विचारले असता, ते अक्षर घालीन, असे थॉम्प्सनने उत्तर दिले म्हणतात. शुद्धलेखनाची चूकही वेळीच सुधारली नाही तर किती वर्षे टिकते, ते पाहा! शिवाय ओळखीपाळखीच्या माणसांनी एकमेकांवर विसंबून केलेली ही रचना. २ नोव्हेंबर १९८८ रोजी एका विद्यार्थ्याने सोडलेल्या प्रोग्रॅमने युनिक्स चालवणारे हजारो संगणक अडवून ठेवले, तेव्हा नुसत्या विश्वासावर भागत नाही, हे सर्वांना कळले.

थॉम्प्सन आणि रिची यांना १९८३ मध्ये संगणकशास्त्रातील सर्वोच्च असा ट्युरिंग पुरस्कार मिळाला. रिची २०११ च्या ऑक्टोबरात वारले.

सुरुवातीस मी 'घराणे' हा शब्द वापरला, तो जाणूनबुजून. लिनक्समध्ये बेल लॅबोरेटरीजच्या मूळ संहितेची नक्कल नाही. ती नव्याने लिहिलेली आहे. तरी ती त्याच घराण्याची. आपल्या गाण्यात नाही का? घराणे रक्ताने चालत नाही, तालमीने चालते. शिष्याची चीज निराळी असते, गळा निराळा असतो. पण दोन आवर्तने ऐकली, की जाणता माणूस घराणे ओळखतो. युनिक्सची गायकी अशीच पुढे गेली. कागदावरचा हक्क कंपनीकडे राहिला; विद्या मात्र ज्याने वाचली, ज्याने शिकवली, त्याच्याकडे गेली.

म्हणून त्या गुरुजींना माझे उत्तर असे : गुरुजी, फोन चालू केला की त्यात कार्यप्रणाली जागी होते, आणि ती आज आपल्यापर्यंत पोचली आहे, कारण कोणी एका शिक्षकाने अवघड लिखाण मुलांपुढे उघडे ठेवले, आणि मुलांनी ते पुसट छायाप्रतींतून का होईना, वाचून काढले.